बरणी फुंकणारे बुवा

बुवांना जेवायला बोलवायचं म्हणजे आधी ताटं लपवायची. गंमत नाही करत. पहिल्यांदा ते कुवेतमधल्या आमच्या फिंतासच्या घरी आले तेव्हा मी सुरमईचं कालवण केलं होतं, तांदळाच्या भाकऱ्या थापून थापून माझे हात दुखत होते, आणि हा माणूस आपला रिकाम्या ताटांना टिचक्या मारत बसलेला. आधी स्वतःच्या ताटाला. मग माझ्या ताटाला. मग नवऱ्याच्या, तेही दोनदा. मग नवऱ्याचं ताट स्वतःकडे ओढून घेत म्हणाले, "ह्यां ताट बरां आसा. ह्येच्यात वाढ. आणि जाताना माका दी."

दिलं. काय करणार? माझ्या लग्नातला सहा ताटांचा सेट, त्यातलं एक फरवानियाला गेलं ते गेलंच. नवरा अजूनही कधीकधी जेवता जेवता म्हणतो, माझं ताट छान होतं गं.

बुवा मालवणकडचे. गावी भजनाला बसायचे म्हणून बुवा. कुवेतमध्ये त्यांचं काम पत्र्याचं, एसीची डक्ट बनवायचं. पत्रा कापायचा, वाकवायचा, आणि दिवसभर त्यावर हातोडी हाणायची. वीसेक वर्षं तेच. बायको-मुलं गावी, आणि हे फरवानियात एका खोलीत, त्यांच्याच शेजारच्या गावच्या एका प्लंबरबरोबर. हा प्लंबर त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान. एक खोली, एक शेगडी, एक टीव्ही, आणि बारा वर्षांत भांडण म्हणाल तर माशात त्रिफळं किती घालायची यावरून. बुवांनी तोंडातून शब्द काढायचा अवकाश, हा उठलाच.

माझी त्यांची ओळख जमियात झाली. जमिया म्हणजे इथलं प्रत्येक वस्तीतलं सहकारी दुकान. मी धणे-जिरे शोधत होते आणि पलीकडच्या रांगेतून म्हशीने रेकावं तसा आवाज आला. जाऊन बघते तर एक काळासावळा, बारीक अंगाचा माणूस काचेच्या बरण्यांची झाकणं काढून एकेकीच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकतोय, आणि दुकानातला मल्याळी पोरगा "चाचा, प्लीज, चाचा" करत मागेमागे फिरतोय. मला हसू आवरेना. मी मराठीत काहीतरी पुटपुटले तर माणूस गर्रकन वळला. "मराठी गो तू? मग ये हयसर. ह्यो आवाज आयक आणि सांग, ह्यो बरो की मगाचो बरो." मी म्हटलं, मगाचा. "कान आसत तुका," ते म्हणाले. असणारच. कानांवरच माझं पोट आहे. मी हॉस्पिटलमध्ये कान तपासते. बाहेरचा आवाज येत नाही अशा बंद खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, बारीक-जाड आवाज सोडायचे, आणि त्याला कुठला ऐकू येतो, कुठला नाही, त्याचा आलेख काढायचा. बुवांना हे सांगितल्यावर त्यांनी मला तिथल्या तिथे भांडी मंडळात भरती करून घेतलं.

भांडी मंडळ हे आमच्या वाद्यवृंदाचं नाव. दर शुक्रवारी सकाळी आमच्या इमारतीच्या सर्दाबात, म्हणजे तळघरात, आम्ही पाच जण जमायचो. बुवा बरणी फुंकायचे. चिनी मातीची, अरुंद तोंडाची, उंच बरणी, तिच्यातून ते ओठ थरथरवत असा काही घुमारा काढायचे की पायाखालची फरशी हलायची. प्लंबर कंगव्यावर पातळ कागद धरून वाजवायचा. भूलतज्ज्ञ असलेल्या पुण्याच्या एक डॉक्टरीणबाई पाणी भरलेल्या सात वाट्यांवर काड्या वाजवायच्या. माझा नवरा उलटा टब, दोरी आणि झाडूची काठी यांतून धूम् धूम् काढायचा. आणि मी? खोबऱ्याच्या किसणीवर चमचा. हसू नका. किसणी वाजवायला मनगट लागतं.

गाणी सगळी घरचीच. भजनाच्या चाली, लग्नातली गाणी, फुगड्यांची, बुवांच्या आईने जात्यावर म्हटलेली. पण नियम! बाप रे, नियम. पहिला नियम असा की वाद्य म्हणून विकत घेतलेली वस्तू मंडळात चालायची नाही. नवऱ्याने एकदा हौसेने ढोलकी आणली तर बुवांनी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. "ह्येना आधी काय काम केल्यान?" नवरा म्हणाला, बुवा, ढोलकी काय काम करणार? "मग नको. आधी कायतरी राबलेला होया."

दुसरा नियम त्याहून भारी. एक दिवस वाजवायचं आणि सहा दिवस त्याच भांड्याने काम करायचं. भांडं नुसतं वाजवायला ठेवलं की ते फुगतं, असं बुवांचं म्हणणं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंच्या सातही वाट्या हळदीने पिवळ्या. मी आठवडाभर खोबरं किसायची, तपासणीत नवऱ्याचं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं तरी किसायची. प्लंबरच्या डोक्यावर केस म्हणाल तर चार, पण रोज सकाळी कंगवा फिरवायचाच. आणि बुवांच्या बरणीत सहा दिवस कोकमाचं आगळ. ती शुक्रवारी रिकामी लागणार म्हणून गुरुवारी अख्ख्या मजल्याला सोलकढी. केरळवाले, बिहारी, नेपाळी, सगळ्यांना. नको म्हणायची सोय नाही. एक बिहारी वेल्डर तर गुरुवारी ओव्हरटाइम मागून घ्यायला लागला होता.

आणि तिसरा नियम, वायर नाही. माईक नाही, स्पीकर नाही, बॅटरीवर चालणारं काही नाही. मराठी मंडळींच्या एका कार्यक्रमात आम्हाला दहा मिनिटं दिली होती. आयोजकांनी प्रेमाने प्रत्येकासमोर माईक लावले. बुवा स्टेजवर आले, एकेक माईक उचलला आणि विंगेत नेऊन उभा केला, शेवटच्यावर तर स्वतःचा पंचा टाकला. आयोजक कासावीस. "अहो बुवा, मागच्यांना ऐकू कसं जाणार?" बुवा म्हणाले, "आवाज मोठो करूचो नाय. लोकांनी गप रवाक होया." आणि लोक राहिले हो गप! मोबाइल पाहणारे बाप, समोश्यांच्या रांगेतल्या बायका, इंग्रजीत कलकलणारी पोरं, सगळी चिडीचूप. कंगव्याची ती कागदी किरकिर पार शेवटच्या रांगेपर्यंत गेली. कार्यक्रम संपल्यावर बुवांनी फक्त प्लंबरच्या पाठीवर थाप मारली. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण मला राग आला नाही. तो वाजवतच तसा होता.

हे सगळं इतकं छान चाललेलं, आणि मग बुवांचं डोकं फिरलं. निदान आम्हाला तसंच वाटलं.

सुरुवात डॉक्टरीणबाईंच्या सगळ्यात लहान वाटीपासून झाली. "ही मुकी झाली. काढ." बाई म्हणाल्या, बुवा, छान वाजतेय की. "काढ म्हटलंय ना." काढली. पुढच्या महिन्यात तिच्या शेजारची काढायला लावली. बाई ऑपरेशन थिएटरमध्ये भल्याभल्या सर्जनना गप करतात, पण बुवांपुढे काय चालणार? सातच्या चार वाट्या झाल्या. आम्ही म्हटलं, जाऊ दे, लहरी माणूस आहे, कलावंतांचं असंच असतं. आम्हीच एकमेकांना असं सांगायचो, आणि वर कौतुकाने हसायचो.

मग ते प्लंबरच्या मागे लागले. गाणं मध्येच थांबवायचे. "कंगवो खय? तू नुसतो गुणगुणतंस." तो म्हणायचा, नाय बुवांनू, वाजवतंय. परत वाजवायचा, कागद थडथडायचा, आम्हा सगळ्यांना स्पष्ट ऐकू यायचं. बुवा मान हलवायचे. एका शुक्रवारी त्यांचा पाराच चढला. "लबाड मेलो! कंगवो नुसतो तोंडाक लायतस आणि हुंकार देतंस. कोणाक फसवतंस? माका? उद्यापासून येव नको!"

प्लंबरने कागदाची घडी केली, कंगवा खिशात टाकला आणि बसने एकटाच फरवानियाला गेला. बारा वर्षांची खोली, आणि त्या दिवसापासून दोघांत अबोला. पुढे चार महिने एकाच शेगडीवर दोन वेगळ्या कढया. गुरुवारची सोलकढी प्लंबर घेईना. शेवटी वफ्र्याच्या एका शेतावर हरितगृहांच्या पाण्याच्या पाइपांचं काम निघालं, ते त्याने मागून घेतलं आणि बॅग उचलून गेला. इतक्या लांब, वाळवंटाच्या काठाशी, काकड्या-टोमॅटोच्या सोबतीला. बुवा म्हणाले, बरां झाला. पण ते वाळत चालले होते, दिसत होतं ना. एकट्यासाठी मासे कोण तळतो?

आणि मग माझा नंबर लागला. "तुझ्या किसणीची धार गेली, बाय. ठेव ती बाजूक."

माझ्या किसणीची! आदल्याच दिवशी तिने माझं बोट सोललं होतं! मी तशी तोंडाळ आहे, लपवत नाही. मी किसणी पिशवीत टाकली आणि म्हटलं, बुवा, तुम्हाला माणसंच नकोत, तुम्ही आणि तुमची बरणी बसा तळघरात. बुवा शांतपणे म्हणाले, "काय ता? तुमी बायका हल्ली इतक्या हळू कित्या बोलतास?"

मी ओरडत होते हो. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, जिन्यावरून धावत खाली आला होता.

घरी येऊन मी भांडी आपटली, नवऱ्यावर डाफरले, चहा ओतून दिला. आणि मग ओट्याशी उभी असताना एकदम माझे हातच थांबले. आधी सगळ्यात लहान वाटी. मग तिच्या शेजारची. मग कंगव्याची किरकिर, नुसता हुंकार उरलेला. मग किसणीची खरखर. मग बायकांचे आवाज. बरणी मात्र ठणठणीत, टब ठणठणीत. हा क्रम मी रोज कागदावर काढते. हातोडीखाली वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांचे कान असेच जातात, वरून खाली, बारीक आवाज आधी. दिवसभर परक्यांचे कान तपासणारी मी, आणि दर शुक्रवारी हाताच्या अंतरावर बसलेल्या माणसाचं मला कळू नये? मला स्वतःची इतकी लाज वाटली की रडायलाच आलं.

तपासायला चला म्हटलं असतं तर ते आले नसते. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे एक खोली आहे, तिच्यात बाहेरचा कसलाच आवाज येत नाही, बघायचीय? लगेच तयार. कामावरून सुट्टी काढून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्या खोलीत बसले आणि म्हणाले, "किती बरां आसा गो हयसर." मी हेडफोन चढवले, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हटलं, दार लावलं.

जाड आवाज झाले, बुवा बटण दाबतायत. मग बारीक झाले, दाबतायत. आणखी बारीक, तरी दाबतायत. मला वाटलं, देवा, चुकलं माझं, कान शाबूत आहेत यांचे. पण मग लक्षात आलं की दाब फारच सारखे पडतायत. मी आवाज सोडणं बंद केलं. हात मांडीवर ठेवून बसले. काचेपलीकडे बुवा, चेहरा प्रसन्न, आणि बटण चालू. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. हेडफोनमध्ये काही म्हणजे काही नव्हतं.

मी दार उघडलं. "बुवा, आवाज नसताना का दाबताय?"

त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला. मग म्हणाले, "आता येतलोच म्हणान दाबलंय."

मग मी आवाज आडवेतिडवे, वेळ चुकवून सोडले आणि खरी तपासणी केली. आलेख त्यांच्यापुढे ठेवला. रेघ अर्ध्यापर्यंत सरळ, पुढे धाडकन खाली. त्यांनी विचारलं, "बरणी खय?" मी सरळ रेघेवर बोट ठेवलं. "वाटये? किसणी?" मी दाखवलं. "आणि कंगवो?"

"त्याचा हुंकार इथे, तो तुम्हाला येतो. कागदाची किरकिर इथे, खाली. ती येत नाही."

बुवांनी त्या जागेवर बोट ठेवलं आणि ते उचलेचनात. "म्हणजे तो खरोखर वाजवी होतो."

"होय, बुवा."

"आणि मी तेका लबाड म्हटलंय. सगळ्यांसमोर."

मी म्हटलं, बुवा, मशीन मिळतं कानात घालायला. कामावर कान झाकायचे, घरी मशीन लावायचं. त्यांनी विचारलं, बॅटरीवर? म्हटलं, हो. "घरात लावतलंय. मंडळात नाय," ते म्हणाले. अशा वेळी! मला त्यांना हलवावंसं वाटलं आणि मिठीही मारावीशी वाटली. पण ते उठले होते. आलेख घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "वफ्र्याक कधी जावचा?"

पुढच्या शुक्रवारी गेलो. नवरा गाडी चालवत होता, मी मागे, आणि बुवा पुढे, बरणी मांडीवर घेऊन. बुवांनी आयुष्यात कधी कुणाची माफी मागितलेली मी ऐकली नव्हती, त्यांना ती मागता येत असेल असंही मला वाटत नव्हतं. आणि प्लंबर आलाच नाही बाहेर, तर? नाहीच म्हणाला, तर? सुरक्षारक्षकाशी अर्धं अरबी अर्धं हिंदी बोलून आम्ही आत गेलो. हरितगृहाच्या दाराशी प्लंबर चिखलात बसून पाइपाचा सांधा बसवत होता. आम्हाला तिघांना बघून घाबरूनच उठला. "काय झाला? गावाक कोण गेला काय?"

"कोण नाय गेला," मी म्हटलं, मोठ्याने. "सगळे बरे आहेत."

मग त्याने बुवांकडे पाहिलं, आणि तोंड फिरवून परत पाइप हातात घेतला. बुवांनी खिशातून कागद काढून त्याच्यापुढे धरला. तो बघेना. बुवांनी धरलेलाच. शेवटी प्लंबरने हात पँटला पुसून कागद घेतला, उलटा-सुलटा केला. "ह्यां काय?"

"माझे कान," बुवा म्हणाले. "बारीक आवाज माका येना नाय. तू वाजवी होतंस. माझे कान वाजवी नव्हते. तू लबाड नाय. मी गाढव." मग बरणी माझ्या हातात देत म्हणाले, "बारा वर्सां हातोडीच्या आवाजात तूच एक माका सांभाळलंस, मेल्या. चल घराक."

प्लंबरने कागदावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग मला म्हणाला, "ताई, ह्येंचा होतला ना बरां?" मी खोटं बोलले नाही. म्हटलं, गेलं ते येणार नाही, उरलेलं जपायचं. त्याने मान हलवली. शर्टाच्या खिशातून कंगवा काढला आणि तोच आलेख त्याच्यावर दुमडला.

"अहो, रिपोर्ट आहे तो!" मी ओरडले.

"तेचा काय लोणचां घालूचां?" प्लंबर म्हणाला आणि त्याने कंगवा ओठांना लावला.

बुवा डोळे मिटून उभे राहिले. प्लंबरने लग्नातलं गाणं धरलं. पण हॉस्पिटलचा कागद जाड, गुळगुळीत, तो काही केल्या थडथडेना. कंगव्यातून येत होता तो निव्वळ हुंकार.

बुवांनी डोळे न उघडता विचारलं, "बाय, कंगवो वाजता?"

प्लंबर वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होता. नवरासुद्धा. हो म्हणणं किती सोपं होतं! बुवांना काय कळणार होतं? आणि इथून पुढे ते जेव्हा जेव्हा विचारतील तेव्हा तेव्हा आम्ही हो म्हणत राहिलो असतो, प्रेमाने, आणि त्यांच्याभोवती बसून त्यांना हळूहळू मंडळाबाहेर काढलं असतं.

"नाही, बुवा!" मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले. "नुसता गुणगुणतोय!"

"बघ!" बुवा गरजले. "मी काय सांगी होतंय! लबाड मेलो!"

प्लंबरने कंगवा तोंडापासून काढला. त्याचे खांदे हलायला लागले, तो खालीच बसला चिखलात, पोट धरून, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आवाज मात्र कसला फुटत नव्हता.

बुवा तसेच डोळे मिटून, मान वर करून वाट बघत उभे. "आता? आता वाजता?"

"आता हसतोय तो, बुवा."

"हसांदी," ते म्हणाले. "मी थांबतंय."